परदेशात घेतलेली स्पोर्ट्स कार नागपुरात आणायची आहे: कागद, कस्टम ड्युटी, टेस्टिंग, आरटीओ

त्रिमूर्तीनगरकर

मंडळी, नेमकी माहिती हवी आहे. धाकटा भाऊ ब्रिटनमध्ये नोकरीला आहे, चार वर्षं होत आली. यंदा, म्हणजे २०२६ च्या दिवाळीला तो कायमचा नागपूरला परत येतोय. त्याच्याकडे पोर्शे ९११ कॅरेरा आहे. पेट्रोल, स्टिअरिंग उजवीकडे, तिथली पहिली नोंदणी मार्च २०२४ ची, तेव्हापासून त्याच्याच नावावर. ती सोबत आणायची आहे.

आणता येते का? कर किती बसेल? गाडी मुंबईलाच उतरवावी लागते, की कंटेनर थेट नागपूरच्या डेपोत मागवता येतो? नोंदणी एमएच-३१ ला होईल का? आणि इथल्या उन्हात, इथल्या रस्त्यांवर काय सांभाळावं? ऐकीव सल्ले खूप जमा झालेत, म्हणून इथे विचारतोय.

न्हावाशेवा_फाईल

आणता येते, पण कस्टममध्ये अडकणाऱ्या बहुतेक गाड्या कराच्या पैशामुळे अडकत नाहीत, अटीत न बसल्यामुळे अडकतात. परदेशात एकदा नोंदणी झालेली गाडी आपल्या आयात धोरणात 'जुनी' ठरते, भले ती ५०० किलोमीटर चाललेली असो. जुन्या गाडीच्या अटी आधी पाहा:

गाडी निर्मितीच्या तारखेपासून ३ वर्षांपेक्षा जास्त जुनी नसावी. स्टिअरिंग आणि सगळे कंट्रोल उजवीकडे. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये. हेडलाइटचा झोत 'डावीकडून चाला' पद्धतीचा. गाडी मोटार वाहन कायदा १९८८ आणि त्याखालच्या नियमांत बसणारी हवी. आयातीच्या तारखेपासून किमान ५ वर्षं रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र, आणि त्या ५ वर्षांत देशात सर्व्हिस मिळेल याची हमी. शिवाय मूळ होमोलोगेशनचा, म्हणजे हे मॉडेल तिथल्या नियमांप्रमाणे रस्त्यासाठी मंजूर असल्याचा पुरावा.

पहिलीच अट पुन्हा वाचा. निर्मितीच्या तारखेपासून, नोंदणीच्या नव्हे. मार्च २०२४ ला नोंदलेली गाडी कारखान्यातून नोव्हेंबर-डिसेंबर २०२३ ला निघालेली असू शकते. मग दिवाळीचा मुहूर्त धरला तर तुम्ही अगदी काठावर येता. चेसिस नंबरातलं दहावं अक्षर मॉडेल वर्ष सांगतं, महिना सांगत नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका. कंपनीकडून निर्मितीची तारीख लिहिलेलं पत्र घ्या. बाकी सगळं त्या कागदावरून ठरेल.

बंदराचं उत्तर: जुनी गाडी फक्त मुंबईच्या बंदरातून सोडवता येते. नागपूरच्या डेपोत कंटेनर येतात, माल सुटतो, पण जुन्या गाडीसाठी तो रस्ता बंद आहे. मुंबईला सोडवायची आणि मग ट्रकवर घालून आणायची.

सदर_छावणी

दुबईतून सरसकट आणतात म्हणतात ना? तिथे अशाच गाड्या निम्म्या भावात मिळतात.

न्हावाशेवा_फाईल

दुबई आणि अमेरिका या दोन्ही ठिकाणच्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या. त्या स्टिअरिंगच्याच अटीत बाद. उजवं स्टिअरिंग हवं तर ब्रिटन, आयर्लंड, जपान, सिंगापूर, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका असे देश पाहावे लागतात. 'इथे आणून स्टिअरिंग बदलून घेऊ' हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. स्टिअरिंग रॅक, पेडल, डॅशबोर्ड, ब्रेकच्या नळ्या, वायपरचा जोड, हेडलाइट एवढं सगळं बदलतं, एअरबॅगचं गणित बिघडतं आणि मूळ होमोलोगेशनला अर्थ उरत नाही. तशी वेळही येत नाही म्हणा, कारण गाडी बंदरातच थांबते.

रस्त्यावर दुबईच्या नंबरप्लेटच्या गाड्या दिसतात त्या कार्नेवर आलेल्या असतात. कार्ने द पासाज म्हणजे तात्पुरत्या प्रवेशाचा दस्तऐवज. परदेशात राहणारा पर्यटक म्हणून येतो, ६ महिन्यांच्या आत गाडी देशाबाहेर परत नेतो, कर भरत नाही. ती गाडी इथे विकता येत नाही, नोंदवता येत नाही. मुदतीत परत गेली नाही तर ज्या संघटनेने कार्ने दिला तिच्या हमीतून पूर्ण कर वसूल होतो. कायमचं परत येणाऱ्यासाठी ही सोय नाहीच.

रामदासपेठ_लेजर

कराचं मी मांडतो. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात रचना बदलली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. इंटरनेटवरचे जुने तक्ते १२५ टक्के, २८ टक्के, सेस वगैरे दाखवतात, ते बाजूला ठेवा.

जुन्या गाडीवर आता मूळ सीमाशुल्क ७० टक्के, त्यावर कृषी पायाभूत सुविधा उपकर ६७.५ टक्के. बेरीज १३७.५. या सगळ्यासकट जी किंमत होते तिच्यावर आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी, ४० टक्के. भरपाई सेस आता नाही. म्हणजे मूल्यांकन १०० रुपये धरलं तर सीमाशुल्क-उपकर १३७.५०, आयजीएसटी ९५, एकूण कर २३२.५०. थोडक्यात गाडीच्या किमतीच्या सव्वादोन पटींहून जास्त नुसता कर.

तुलनेसाठी: ४०,००० डॉलरपेक्षा महाग कोऱ्या गाडीवर ७० अधिक ४०, म्हणजे ११० टक्के, त्यावर ४० टक्के आयजीएसटी. एकूण १९४. जुनी गाडी आणणाऱ्याला दर रुपयामागे नव्यापेक्षा जास्त कर पडतो, हे अनेकांना शेवटी कळतं.

आता '१०० रुपये' कुठून येतात ते बघा, कारण गैरसमज सगळा इथेच आहे. भावाने गाडी कितीला घेतली किंवा आज तिथे कितीला विकली जाईल, याला कस्टम फारसं विचारत नाही. त्या मॉडेलची कोरी असतानाची किंमत घेतात आणि तिमाहीप्रमाणे घसारा देतात. पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी २.५. अडीच वर्षांच्या गाडीला १० तिमाह्यांचे १६ + १२ + ५ = ३३ टक्के. त्यात जहाजाचं भाडं आणि विमा मिळवतात. भाड्याची पावती नसेल तर एफओबी किमतीच्या (भाडं-विमा सोडून, जहाजात चढवेपर्यंतची किंमत) २० टक्के भाडं आणि १.१२५ टक्के विमा धरून मोकळे होतात. म्हणून दोन्ही पावत्या जपा. खरं भाडं त्या २० टक्क्यांच्या जवळपासही नसतं.

आकडा घेऊन पाहू. कोरी किंमत १ कोटी रुपये धरा. ३३ टक्के घसारा जाऊन ६७ लाख, भाडं आणि विमा ३ लाख. मूल्यांकन ७० लाख.

मूळ सीमाशुल्क ४९ लाख.
उपकर ४७.२५ लाख.
आतापर्यंत १६६.२५ लाख, त्यावर ४० टक्के आयजीएसटी ६६.५० लाख.
एकूण कर १६२.७५ लाख.

यात आरटीओचा कर, टेस्टिंग, बंदराचं शुल्क, एजंटची फी, मुंबई-नागपूर ट्रक नाही. विनिमय दर बँकेचा चालत नाही, सीमाशुल्क विभाग वेळोवेळी जाहीर करतो तो. पौंड दोन-तीन रुपयांनी वर गेला तर एवढ्या रकमेत लाखांचा फरक पडतो, म्हणून हाताशी थोडी जास्त रक्कम ठेवा.

त्रिमूर्तीनगरकर

आकडा मोठा आहे पण स्पष्ट झाला. दोन उपप्रश्न. 'ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स'मध्ये, म्हणजे परदेशातलं घर हलवून इथे येताना, सूट मिळते असं सगळे सांगतात. आणि भावाने मला भेट म्हणून पाठवली तर?

रामदासपेठ_लेजर

ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्समध्ये घरसामानाला जी सूट असते त्यातून मोटारगाडी वगळलेली आहे. फ्रिज, वॉशिंग मशीन एकीकडे, गाडी दुसरीकडे. आयात धोरणाच्या ८७व्या प्रकरणात कायमचं परतणाऱ्यांसाठी तरतूद आहे ती वेगळी: परदेशात सलग २ वर्षं वास्तव्य आणि गाडी किमान १ वर्ष त्याच्या ताब्यात. भाऊ दोन्हींत बसतो. पण ती तरतूद आयातीच्या परवानगीपुरती आहे. कर पूर्ण.

सिद्ध करायला कागद लागतील: पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या प्रती, तिथला व्हिसा, खरेदीचं बिल, बँकेतून पैसे गेल्याचा पुरावा, त्याच्या नावाचं नोंदणीपत्र, आणि वर्षभराचा तिथला विमा. ताबा दाखवायला विम्याचा कागद फार उपयोगी पडतो.

भेट म्हणून पाठवली तर करात काहीच फरक पडत नाही, उलट कायमचं परत येणारा म्हणून जी जागा आहे ती जाते. भाऊ स्वतःच आयातदार असू द्या. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बक्षीस मिळालेल्या गाडीला धोरणात जागा आहे, पण तिथेही कर असतोच. सचिन तेंडुलकरला २००२ मध्ये मिळालेल्या फेरारी ३६० मॉडेनाचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. सुमारे १.१३ कोटींच्या करमाफीवरून वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि शेवटी तो कर फियाटने भरला.

सदर_छावणी

ब्रिटनशी मुक्त व्यापार करार झालाय ना? त्यात गाड्यांचा कर १० टक्क्यांवर येणार होता.

रामदासपेठ_लेजर

करारावर २४ जुलै २०२५ ला ब्रिटनमध्ये सह्या झाल्या. गाड्यांवरची कपात टप्प्याटप्प्याने आणि कोट्याच्या मर्यादेत आहे. तिथे दोन-अडीच वर्षं वापरलेल्या एका गाडीचा हिशेब त्या भरवशावर बांधू नये. शिवाय ९११ जर्मनीत तयार होते. ब्रिटनमध्ये विकत घेतली म्हणून ती ब्रिटिश मालाची होत नाही.

हिंगणा_ते_हिथ्रो

ब्रिटनच्या बाजूचं काम मी लिहितो, ते इथून दिसत नाही.

गाडीवर कर्ज किंवा पीसीपी (तिथली हप्त्यांनी गाडी घेण्याची योजना) बाकी असेल तर आधी ते पूर्ण फेडा आणि फायनान्स कंपनीकडून तसं पत्र घ्या. कर्ज संपेपर्यंत गाडी फायनान्स कंपनीची असते, नोंदणीपत्रावर भावाचं नाव असलं तरी. तिथल्या व्ही५सी या नोंदणी पुस्तिकेवर स्पष्ट छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून बिल आणि पैसे दिल्याचा पुरावा वेगळा लागतो.

जहाजाची तारीख ठरली की व्ही५सी मधला 'कायमची निर्यात' हा भाग भरून डीव्हीएलएला, म्हणजे तिथल्या वाहन नोंदणी खात्याला पाठवायचा. उरलेल्या पूर्ण महिन्यांचा रोड टॅक्स परत मिळतो. पाठवण्याआधी संपूर्ण पुस्तिकेची रंगीत प्रत काढून ठेवा, मुंबईत चेसिस आणि इंजिन नंबर त्याच कागदाशी पडताळतात.

स्पीडोमीटर: ब्रिटनची गाडी मैलात दाखवते. ९११ च्या डिजिटल पॅनेलमध्ये एकक बदलता येतं, मधला काट्याचा डायल इंजिनच्या फेऱ्यांचा असतो, पण वेगाचा डायल त्या आवृत्तीत कसा आहे ते पाहून घ्या. छापील आकडे मैलाचे असतील तर किलोमीटरचा डायल तिथूनच बसवून आणा. हेडलाइटची चिंता नाही, तिथेही डावीकडूनच चालतात.

जहाजात रोरो (गाडी चालवतच जहाजात चढवतात) आणि कंटेनर असे दोन प्रकार. एवढ्या किमतीच्या गाडीला कंटेनरच घ्या. २० फुटी कंटेनरची आतली लांबी सुमारे ५.९ मीटर, रुंदी २.३५ मीटर. साडेचार मीटरची ९११ लांबीत आरामात मावते, अडचण रुंदीची. आरसे मिटूनही दार पूर्ण उघडत नाही, चालवणाऱ्याला अंग चोरून बाहेर यावं लागतं. अनुभवी पॅकिंगवाले दाराच्या कडेला फोम लावतात, नाहीतर पहिला ओरखडा कंटेनरच्या आतच बसतो. उंबऱ्यापाशी लांब, कमी चढाचा रॅम्प मागा, नाहीतर पुढच्या बंपरची खालची कड घासते.

बांधताना पट्टे चाकांना, टायरभोवती. सस्पेन्शनच्या आर्मला किंवा बॉडीला हूक अडकवू देऊ नका. समुद्रात महिनाभर गाडी हलत राहते आणि सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो. टाकीत पेट्रोल पाव टाकीपेक्षा कमी. बॅटरीची तार काढायची. पण ९११ चं पुढचं झाकण विजेवर उघडतं, बॅटरी त्याच झाकणाखाली. बॅटरी काढून झाकण लावलं तर मुंबईत उघडायला बाहेरून करंट द्यावा लागतो. ती पद्धत कागदावर लिहून किल्लीला बांधा.

गाडीत घरसामान कोंबू नका. एक सूटकेससुद्धा नको. जाहीर न केलेली वस्तू सापडली की पूर्ण तपासणी लागते.

सागरी विमा 'इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज ए' प्रकारचाच, गाडीची किंमत आणि भाडं मिळून ११० टक्क्यांचा. 'सी' प्रकार स्वस्त पडतो, पण त्यात जहाज बुडणं, आग अशा मोठ्या घटनाच येतात. ओरखडा, डेंट काही येत नाही. कंटेनर बंद करण्याआधी सील नंबरासह फोटो काढा.

न्हावाशेवा_फाईल

वरच्या प्रतिसादात सगळं आलं, एक राहिलं. जहाजात चढवण्याआधीच मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी करून 'मोटार वाहन कायद्यातल्या नियमांत बसते' असं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. गाडी इथे पोचल्यावर ते मागे जाऊन काढता येत नाही.

आता मुंबईतला क्रम. सागरी मालासाठी बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमला द्यायचं आयातीचं विवरणपत्र, जहाज पोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल व्हायला हवं. उशीर झाला तर पहिले ३ दिवस रोज ५,००० रुपये, पुढे रोज १०,०००. वैयक्तिक वापराच्या आयातीला आयईसी (आयात-निर्यातदाराचा क्रमांक) लागत नाही, पण कस्टम ब्रोकर मात्र जुन्या गाड्यांचं काम केलेलाच शोधा. ९११ ची फाईल आणि कापसाच्या गाठींची फाईल यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

मग तपासणी, चेसिस नंबर पडताळणी, मूल्यांकन. त्यानंतर गाडी सोडण्याआधी इथल्या संस्थेची टेस्ट. धोरणात नावं आहेत: पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई आणि मध्य प्रदेशात बुधनीची सीएफएमटीटीआय. व्यवहारात पुणे जवळ पडतं. पण टेस्टसाठी गाडी बंदरातून बाहेर काढायची तर कस्टमची परवानगी, बाँड, बँक हमी अशी वेगळी प्रक्रिया लागते. एआरएआयची तारीख गाडी जहाजात असतानाच मागून ठेवा. कंटेनर उतरल्यावर तारीख शोधायला लागलात की बंदराचं भाडं आणि शिपिंग कंपनीचं कंटेनर भाडं अशी दोन मीटरं एकदम सुरू होतात. ३० दिवसांत माल सुटला नाही तर नोटीस देऊन तो विकण्याची तरतूद सीमाशुल्क कायद्याच्या कलम ४८ मध्ये आहे. वेळ लागेल असं दिसलं तर कलम ४९ खाली गोदामात ठेवण्याची परवानगी मागता येते, ती वेळेत मागा.

अटीत न बसणारी गाडी आली तर जप्ती, वर दंड भरून सोडवणं किंवा परत पाठवणं. दंड कराव्यतिरिक्त वेगळा असतो. त्यामुळे शंका असेल तर गाडी ब्रिटनमध्येच विकणं शहाणपणाचं.

मानेवाडा_४९

आरटीओचं. पत्ता त्रिमूर्तीनगरचा असेल तर शहर कार्यालय, अमरावती रोडवरचं, एमएच-३१. पूर्व नागपूरचं एमएच-४९, ग्रामीणचं एमएच-४०. ज्याच्या नावावर नोंदणी, त्याचा पत्त्याचा पुरावा त्या हद्दीतला हवा. भाऊ परदेशातून येतोय, तर आधारवरचा पत्ता आत्ताच दुरुस्त करून घ्या.

फाईलमध्ये फॉर्म २०, बिल ऑफ एंट्री, कस्टमचं क्लिअरन्स प्रमाणपत्र, कर भरल्याचं चलन, टेस्टिंग संस्थेचं प्रमाणपत्र, ब्रिटनची नोंदणी निर्यातीसाठी बंद झाल्याचा कागद, विमा, पॅन, पत्ता. गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. चेसिस नंबरची पेन्सिलने छाप घेतात, तो नंबर कुठे कोरलाय ते गाडीच्या पुस्तिकेत आधी पाहून ठेवा. पुढच्या काचेखालची पट्टी दिसते, पण छाप घ्यायला धातूवर कोरलेला लागतो आणि स्पोर्ट्स कारमध्ये तो बहुधा गालिच्याखाली किंवा झाकणाखाली असतो.

कर: महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे ११, १२, १३ टक्के, पण आयात केलेल्या गाडीला सरसकट २० टक्के. कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली. वरच्या उदाहरणात करासकट गाडी २३२.७५ लाखांची, २० टक्के म्हणजे साडेशेहेचाळीस लाख होतात, मर्यादेमुळे ३० लाख.

नंबरप्लेट एचएसआरपीच, म्हणजे उच्च सुरक्षेची सरकारमान्य प्लेट. आपली प्लेट ५०० बाय १२० मिमी, ब्रिटनची ५२० बाय १११. पुढच्या बंपरची ब्रॅकेट ९ मिमी उंचीला कमी पडते. प्लेट बसवणारा सरळ बंपरला भोकं पाडायला निघतो. त्याआधी आपल्या मापाची ब्रॅकेट करून न्या.

नोंदणी होईपर्यंत गाडी स्वतः चालवत नागपूरला आणू नका. बंद ट्रक करा, समृद्धीवरून आमणे ते शिवमडका ७०१ किलोमीटर, ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. ट्रकवाल्याला हायड्रॉलिक टेलगेट आहे का विचारा, फळ्या लावून चढवणारा नको. ट्रकमध्ये बिल ऑफ एंट्रीची प्रत असू द्या.

गॅरेज_प्रतापनगर

भाऊ, गाडी आली, नंबर मिळाला, आता मे महिना. नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा या गाड्यांचं काहून बिघडतं ते सांगतो.

९११ चं इंजिन मागे पण पाण्याचे रेडिएटर पुढे, बंपरच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्यांमागे. त्यांच्याच पुढे एसीचा कंडेन्सर. त्या फटीत वाळलेली पानं, किडे, सिमेंटची धूळ जाऊन बसते आणि पावसात तिचा थर होतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, आत निम्मी हवा जात नाही. मग एसी सिग्नलवर गार करत नाही, पंखे सतत फुल चालतात. उपाय: दरवर्षी मार्चमध्ये बंपर उतरवून कंडेन्सर आणि रेडिएटर वेगळे करून आतून साफ करणे. प्रेशर पंपाने बाहेरून पाणी मारू नका, पातळ पत्रे दुमडतात.

तेल पुस्तिकेतल्या अप्रूव्हलचंच. २०१९ नंतरच्या युरोपियन ९११ मध्ये पेट्रोलचा पार्टिक्युलेट फिल्टर असतो. त्याला कमी राखेचं तेल लागतं. 'उष्ण हवा आहे, जाड तेल टाका' म्हणून कुणी भलतंच टाकलं तर फिल्टर राखेने भरतो. नुसतं धरमपेठ ते सीताबर्डी चालवत राहिलात तरी फिल्टर तापत नाही, काजळी जळत नाही. आठवड्याला एकदा वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत एकसारख्या वेगाने जाऊन यायचं.

टायर: बाजूला चार आकडी निर्मितीचा कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पोर्शेचे टायर एन० किंवा एन१ खुणेचे, म्हणजे कंपनीने मान्य केलेले लागतात. ती मापं नागपुरात हातोहात मिळत नाहीत, मागवावी लागतात. पुढच्या जोडीचं आणि मागच्याचं माप वेगळं, त्यामुळे फिरवाफिरवी होत नाही. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे, काँक्रीट तापलेलं असतं. हवा सकाळी गार टायरमध्येच मोजा, दुपारी मोजून कमी करू नका.

बिघाडाच्या निदानाला पोर्शेचं स्वतःचं पीआयडब्ल्यूआयएस हे संगणकी यंत्र लागतं. साध्या स्कॅनरला कोड दिसतो, कोडिंग होत नाही. सर्व्हिसची ५ वर्षांची हमी आयातीच्या अटीतच आहे, तर ती लिहून देणारं अधिकृत केंद्र मुंबईत आधी पक्कं करा. ब्रिटनची वॉरंटी इथे चालेल असं गृहीत धरू नका, लेखी विचारा.

त्रिमूर्तीनगरकर

पेट्रोलचं काय? इथे सगळीकडे आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं झालंय.

गॅरेज_प्रतापनगर

ब्रिटनमध्ये ही गाडी ९७ ते ९९ ऑक्टेनचं, ५ टक्के इथेनॉलचं पेट्रोल पिते. युरोपात प्रमाणित होते ई१० पर्यंत. ई२० ला कंपनीची मान्यता त्या चेसिस नंबरसाठी लेखी मागा. उष्मांक कमी असल्याने मायलेज थोडं उतरतं, तो मोठा प्रश्न नाही. प्रश्न उभ्या गाडीचा. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पावसाळ्यात अर्धी टाकी घेऊन गाडी दोन-दोन महिने उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळं होतं, तेच हाय प्रेशर पंपात जातं. उभी ठेवायची तर टाकी काठोकाठ भरा आणि बॅटरीला ट्रिकल चार्जर लावा. बॅटरी लिथियमची असेल तर चार्जरही लिथियमसाठीचाच. चालवताना १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० मिळालं तर बरं, पण ते निवडक पंपांवरच असतं.

धरमपेठ_उतार

रस्त्याचं. आयआरसी ९९ या रस्त्यांच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब हवा. तसा असेल तर ९११ तिरकी घालून सावकाश निघते. गल्लीतले हाताने केलेले गतिरोधक तेवढेच उंच पण हातभर लांबीचे, तिथे पोट टेकतं. भावाच्या गाडीत फ्रंट अॅक्सल लिफ्ट आहे का पाहा, नाक सुमारे ४० मिमी वर येतं. कारखान्यातून नसेल तर मागाहून बसवणं महाग पडतं.

खरी अडचण घराच्या फाटकाशी येते. आपल्याकडे रस्ते सिमेंटचे झाले आणि बऱ्याच ठिकाणी रस्ता अंगणापेक्षा वर गेला. पुढचं चाक ते बंपरचं टोक साधारण १ मीटर आणि बंपर जमिनीपासून १२ सेंटीमीटर धरला तर ७ अंशांच्या आसपास चढ लागला की टोक घासतं. म्हणजे ८ फुटांना १ फूट ही शेवटची हद्द. उताराला १:१२ ठेवा, आणि वर-खाली जिथे कोन होतो तिथे गवंड्याकडून गोलाई काढून घ्या. गाडी यायच्या आधी ३ मीटरची सरळ पट्टी लावून मोजा.

तळघरातलं पार्किंग असेल तर २३ सप्टेंबर २०२३ आठवा. अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पहाटे पाणी शिरलं, तळघरं भरली. या गाडीचं इंजिन मागे आणि खाली असतं. विमा घेताना इंजिन प्रोटेक्ट घ्याच, आणि आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ब्रिटनमधल्या किमतीवर नको, कस्टम ड्युटीसकट ठरवून पॉलिसीवर लिहून घ्या. नाहीतर नुकसानभरपाईच्या वेळी भरलेला दीड-पावणेदोन कोटींचा कर हिशेबातच धरला जात नाही.

सदर_छावणी

एका ओळखीच्याने 'ईशान्येकडून नोंदणी झालेली परदेशी गाडी अर्ध्या किमतीत देतो' असं सांगितलंय. ते कसं?

न्हावाशेवा_फाईल

घेऊ नका. भूतानमार्गे आणून बनावट कागदांवर नोंदवलेल्या गाड्यांवर सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टमने 'ऑपरेशन नुमखोर' केलं, कितीतरी गाड्या जप्त झाल्या. कर न भरता आलेली गाडी तिसऱ्या हातात गेली तरी जप्त होऊ शकते. कुठलीही आयात गाडी घेताना बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक, तारीख आणि बंदर मागा, चेसिस नंबर त्यावरच्याशी जुळवा. विकणारा 'फाईल आरटीओत जमा आहे' म्हणाला तर तिथेच थांबा.

त्रिमूर्तीनगरकर

भावाने पोर्शेच्या डीलरकडून तारीख काढली. निर्मिती २१ नोव्हेंबर २०२३. दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे तारखेच्या १३ दिवस आधी. तिकडचा करार ऑक्टोबरअखेर संपतो, त्याआधी त्याला निघता येत नाही.

न्हावाशेवा_फाईल

१३ दिवसांचं अंतर म्हणजे अंतर नाहीच. ब्रिटनहून येणारी बरीच जहाजं लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालतात. महिना-सव्वा महिना धरा, त्यावर मधल्या बंदरात कंटेनर बदलताना जाणारे दिवस. गाडीने माणसाच्या आधी निघायला हवं. कंटेनर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात चढवा, सप्टेंबरअखेर मुंबई, म्हणजे हाताशी दीड महिना राहतो.

पण भाऊ नोव्हेंबरमध्ये परत येणार आणि गाडी सप्टेंबरमध्ये, तर 'कायमचं परतणारा' ही तरतूद त्या दिवशी लागू होते का, हे ब्रोकरमार्फत मुंबई कस्टमकडून बुकिंगच्या आधी लेखी घ्या. गाडी जुन्या गाड्यांच्या सर्वसाधारण अटींतही बसते, त्यामुळे दुसरा आधार आहे. निर्मितीच्या तारखेचं पत्र चेसिस नंबरसह, डीलरच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्याचं हवं. ईमेलची छापील प्रत चालत नाही.

हिंगणा_ते_हिथ्रो

ऑगस्टचं जहाज हवं तर पूर्वतपासणी जुलैत, आणि त्या तपासणीआधी स्पीडोमीटर किलोमीटरचा झालेला असला पाहिजे. डायल मागवावा लागणार असेल तर ऑर्डर आत्ताच टाकायला सांगा, डीलरला कोडिंगसाठी गाडी एक दिवस लागते.

त्रिमूर्तीनगरकर

सांगतो त्याला आजच. एआरएआयच्या तारखेसाठी कुठले कागद आधी द्यावे लागतात?

न्हावाशेवा_फाईल

व्ही५सी ची प्रत, निर्मितीचं पत्र, युरोपियन अनुरूपता प्रमाणपत्र आणि पूर्वतपासणीचा अहवाल. अनुरूपता प्रमाणपत्र गाडीसोबत मिळालं नसेल तर पोर्शेकडे चेसिस नंबर देऊन मागवता येतं, त्याला काही आठवडे जातात. ऑर्डर डायलसोबतच टाका.